सायन्स म्युझियम ग्रुपचा संग्रह: घरबसल्या कसा धुंडाळावा, प्रत्यक्ष जाऊन काय पाहावं

लोहमार्गी

ब्रिटनच्या सायन्स म्युझियम ग्रुपबद्दलचे प्रश्न रेल्वेच्या धाग्यावर, छायाचित्रणाच्या धाग्यावर आणि 'यूकेला चाललोय, काय पाहू' या सदाबहार धाग्यावर विखुरलेत. एका जागी यावेत म्हणून हा धागा.

आधी पसारा. लंडनचं सायन्स म्युझियम हे मूळ घर. १८५१च्या महाप्रदर्शनानंतर १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टनला संग्रहालय निघालं, त्यातून १९०९ मध्ये विज्ञानाचा भाग वेगळा झाला. यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम १९७५चं. ब्रॅडफर्डचं, ज्याला आता नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियम म्हणतात, ते १९८३चं. शिल्डनचं लोकोमोशन २००४चं. मँचेस्टरचं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम समूहात आलं २०१२ मध्ये, पण त्याच्या आवारातलं लिव्हरपूल रोड स्टेशन १८३०चं आहे. शिवाय स्विंडनजवळ रॉटनला हवाई दलाच्या जुन्या विमानतळावर मोठी कोठारं आहेत.

एकूण नग ७० लाखांच्या वर, त्यात फोटो आणि कागदपत्रंही धरून. दालनात मांडलेलं त्यातलं अगदी थोडं. म्हणून माझा एकच आग्रह: आधी संग्रहाच्या संकेतस्थळावर नोंद शोधा, वस्तू कुठल्या गावात आहे ते बघा, मग तिकीट काढा. उलटं केलं की पस्तावायला होतं.

उदाहरण स्टीव्हन्सनच्या रॉकेटचं. रेनहिलची इंजिनांची स्पर्धा १८२९ मध्ये जिंकलेलं मूळ इंजिन कित्येक दशकं लंडनला होतं. २०१८ पासून ते न्यूकॅसल, मँचेस्टर, यॉर्क असं फिरलं आणि मग शिल्डनला गेलं. जुनी प्रवासवर्णनं वाचून लोक अजून लंडनला शोधतात. वर त्याच्या प्रतिकृतीही आहेत. पिवळंधमक आणि देखणं दिसलं तर ती प्रतिकृती समजा. मूळ इंजिन काळं आणि बरंचसं ओकंबोकं आहे. त्याचे सिलिंडर सुरुवातीला चांगलेच तिरपे होते, ते लवकरच जवळजवळ आडवे करण्यात आले, कारण तिरप्या धक्क्यांनी इंजिन डोलायचं. प्रतिकृतीत मूळचा तिरपा कोन, खऱ्या इंजिनात बदललेला. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघा, मजा येते.

सूतगिरणी

उत्तम धागा. माझी अडचण सांगतो. संग्रहाच्या संकेतस्थळावर 'जीआयपी' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) टाकलं की काही धड मिळत नाही. स्थळ म्हणून 'इंडिया' निवडलं तर ताईत, पेट्या, औषधाच्या बाटल्या. रेल्वे आणि गिरण्या कुठे गेल्या?

लोहमार्गी

दोन कारणं आहेत.

एक, स्थळाची चाळणी (फिल्टर) वस्तू जिथे *बनली* ते गाव धरते, जिथे वापरली ते नव्हे. मुंबईकडे रवाना झालेलं इंजिन किंवा चाती मँचेस्टर, ओल्डहॅम, ग्लासगो यांच्या नावावर असणार. तेव्हा बनवणाऱ्याच्या नावाने शोधा. इंजिनांसाठी बायर पीकॉक, व्हल्कन फाउंड्री, नॉर्थ ब्रिटिश. कापडयंत्रांसाठी प्लॅट ब्रदर्स. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली तेव्हा यंत्रांसाठी याच प्लॅटकडे गेले होते.

दोन, लघुरूपं टाळा. 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' असं पूर्ण टाका. गावांची नावंही इंग्रजांच्या वेळची हवीत: बॉम्बे, पूना, बरोडा. एकाच गावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा, यंत्रणा आपणहून सगळी जोडेलच असं नाही.

निकाल आले की डावीकडच्या चाळण्यांत वस्तू, व्यक्ती-कंपन्या आणि कागदपत्रं असे तीन ढीग वेगळे दिसतात. बहुतेक जण फक्त वस्तूंचा ढीग बघून परततात. भारतीय रेल्वेचं खरं घबाड कागदपत्रांत आहे.

टिंबटिंब

नोंद क्रमांकाबद्दल भर घालतो, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो.

लंडनच्या जुन्या वस्तूंचा क्रमांक 'साल-अनुक्रम' असा असतो. रॉकेट आहे १८६२-५, म्हणजे १८६२ साली दाखल झालेली पाचवी नोंद. हे दाखल झाल्याचं साल, बनल्याचं नव्हे. यॉर्कला १९७५-७००० च्या पुढची एक मोठी मालिका आहे, त्यावरून 'ही सगळी इंजिनं १९७५ मध्ये मिळाली' असा निष्कर्ष काढू नका. यॉर्कचं आधीचं छोटं संग्रहालय आणि लंडनमधलं क्लॅपहॅमचं, इथला माल नव्या संग्रहालयात आला तेव्हा त्याला एकगठ्ठा क्रमांक पडले.

मँचेस्टरच्या वस्तूंचा क्रमांक 'वाय' ने सुरू होतो, तिथल्या दप्तराचा, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा, 'वायए' ने. 'ए' आणि पुढे नुसते पाच-सहा आकडे असतील तर ती वेलकमची वस्तू, तिथे सालाचा हिशोबच लागू नाही.

क्रमांक टाकताना इंग्रजी आकडेच (1, 2, 3) वापरा आणि मधली आडवी रेघ किंवा टिंब जसंच्या तसं ठेवा. मराठी कीबोर्ड चालू राहिला की शून्य निकाल येतात आणि माणूस संकेतस्थळाला शिव्या देतो.

ओसरी

वेलकमच्या वस्तू म्हणजे काय? आणि त्या विज्ञान संग्रहालयात कशा?

टिंबटिंब

हेन्री वेलकम हा औषधांचा कारखानदार. वैद्यकाशी दूरान्वयानेही संबंध असेल ते सगळं गोळा करायचा. १९३६ मध्ये तो वारला तेव्हा माल दहा लाख नगांच्या पुढे गेला होता. त्यातला वैद्यकाचा मोठा हिस्सा, लाखाहून जास्त वस्तू, १९७०च्या दशकात सायन्स म्युझियमकडे कायमच्या उसनवारीवर आला. लंडनमधली २०१९ मध्ये उघडलेली वैद्यकाची दालनं मुख्यतः त्यावर उभी आहेत.

भारतातल्या वस्तूंपैकी बऱ्याच पैरा मल यांनी जमवलेल्या. वेलकमने त्यांना १९११ मध्ये भारतात पाठवलं, ते दहा वर्षं हस्तलिखितं आणि वस्तू गोळा करत फिरले. हस्तलिखितं मात्र या समूहाकडे नाहीत, ती लंडनच्याच वेलकम कलेक्शनकडे आहेत. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळ्या याद्या.

या नोंदींतल्या तारखांवर विसंबू नका. '१८०१-१९००' असं दिसलं तर तो अंदाज आहे, शंभर वर्षांचा. स्थळही नुसतं 'इंडिया' असतं, जिल्हा तर सोडाच. अडकित्ता, सांडशी, कानकोरणं अशा वस्तूंची वर्णनंही कधी कधी गोल गोल असतात. आपल्याला फोटोवरून चटकन कळतं ते तिथल्या नोंदकाराला कळेलच असं नाही. चूक दिसली तर क्रमांक देऊन कळवावं, सोबत तशाच वस्तूचा दुसऱ्या संग्रहालयातला पुरावा जोडावा. 'आमच्याकडे याला असं म्हणतात' एवढ्यावर नोंद बदलत नाही आणि ते रास्तच आहे.

ईशान्य

बख्शाली हे गणिताचं जुनं हस्तलिखितही तिथेच आहे ना? शून्यवालं?

टिंबटिंब

नाही. ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचं. २०१७-१८ मध्ये लंडनला 'इल्युमिनेटिंग इंडिया' प्रदर्शन झालं, त्यात त्याचं एक पान उसनं आणून मांडलं होतं. त्या वेळच्या बातम्यांमुळे लोकांच्या डोक्यात ते सायन्स म्युझियमचं झालं. प्रदर्शन म्हणजे संग्रह नव्हे, उसनी वस्तू परत जाते. अपोलो १०चं यानसुद्धा असंच, दालनात वर्षानुवर्षं आहे पण मालकी अमेरिकेची.

सूतगिरणी

लोहमार्गी, बनवणाऱ्याच्या नावाने शोधलं आणि बायर पीकॉकचं भांडार उघडलं. धन्यवाद! आता पुढचा प्रश्न. बंगाल नागपूर रेल्वेच्या एन वर्गाच्या गॅरट इंजिनाचं मॉडेल करायचं आहे. आराखडे मिळतात का? आणि मिळाले तर काय बघून मागवायचे?

लोहमार्गी

आता आलात मुद्द्यावर.

बायर पीकॉकचा कारखाना मँचेस्टरच्या गॉर्टन भागात होता, त्याचं दप्तर मँचेस्टरच्या संग्रहालयाकडे आहे: आराखडे, ऑर्डरींच्या नोंदी, कारखान्याने काढलेले फोटो. गॅरट म्हणजे बॉयलर मधल्या चौकटीवर आणि दोन्ही टोकांना एकेक स्वतंत्र इंजिन-गाडा, त्यामुळे लांबलचक असूनही वळणावर वळतं. नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या बीएनआरने १९३०च्या सुमारास ही एन वर्गाची धुडं घेतली, चाकांची मांडणी ४-८-०+०-८-४.

ऑनलाइन फार थोडे आराखडे दिसतात. बाकीच्यांसाठी पत्र लिहावं लागतं आणि पत्रात 'एन क्लासचे ड्रॉइंग द्या' एवढंच लिहिलं तर उत्तर येईल पण उपयोगाचं नसेल. यात तीन गोष्टी हव्यात: रेल्वेचं पूर्ण नाव, कारखान्याचा ऑर्डर क्रमांक आणि इंजिनाचा कारखाना क्रमांक. शेवटचा इंजिनावरच्या पितळी पाटीवर असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात या वर्गाचं इंजिन जपलंय, पाटी असेल तर तिथून घ्या.

आधी फक्त एकंदर मांडणीचा आराखडा मागा. त्यात बाजूने, वरून आणि दोन-तीन छेद असतात, मॉडेलला ऐंशी टक्के तेवढं पुरतं. सुट्या भागांचे शेकडो कागद असतात, ते मागवत बसलात तर प्रतींचाच खर्च डोक्यावर बसेल. कापडावरचे जुने आराखडे रंगवलेले असतील तर रंगांवरून धातू कळतो. साधारण रीत अशी: पितळ पिवळं, तांबं लालसर, घडीव लोखंड निळं, ओतीव करडं, पोलाद जांभळट. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये हे सगळं मरतं, म्हणून रंगीत प्रत मागा.

कारखान्याचे फोटो बघून रंग ठरवू नका. फोटोसाठी इंजिनाला मुद्दाम फिकट करडा रंग द्यायचे, बारकावे उठून दिसावेत म्हणून. त्या रंगात ते रुळावर धावलं नाही.

आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. ब्रॉडगेजचं ५ फूट ६ इंच म्हणजे १,६७६ मिमी. चार मिलीमीटरला एक फूट या प्रमाणात रूळ २२ मिमीचा येतो, एचओ म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मिमी. बाजारात मिळणारा १६.५ मिमीचा रूळ घालून बॉडी बरोबर प्रमाणात केली की इंजिन वरून जड आणि खालून काटकुळं दिसतं. बहुतेक भारतीय मॉडेलं इथेच फसतात.

ईशान्य

ब्रॉडगेज इंजिन प्रत्यक्ष बघून मापं घ्यायची तर ब्रिटनमध्ये काही आहे?

लोहमार्गी

आहे, मँचेस्टरलाच. पाकिस्तान रेल्वेचं ३१५७ क्रमांकाचं ४-४-० इंजिन, व्हल्कन फाउंड्रीने १९११ मध्ये फाळणीपूर्वीच्या नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी बनवलेलं. गेज आपलंच. त्याच संग्रहात दक्षिण आफ्रिकेच्या जीएल वर्गाचं गॅरट २३५२ आहे, तेही बायर पीकॉकचं. ही इंजिनं तिथल्या पॉवर हॉल या दालनाची. तो हॉल छताच्या कामासाठी २०१९ पासून बंद होता, २०२५च्या ऑक्टोबरात उघडला. तरी जाण्याआधी दोन्हींच्या नोंदीत सध्याचं ठिकाण बघाच.

काळाकोट

फोटो वापरण्याबद्दल लिहायला हवं, नाहीतर लोक उचलतात आणि मग प्रकाशकाकडे अडचण होते.

प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. पुष्कळ चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या, व्यापार नको, त्याच अटींवर पुढे द्या' हा परवाना आहे. ब्लॉग, शाळेचा तक्ता, विनामूल्य व्याख्यान यांना चालतं. विक्रीचं पुस्तक, दिवाळी अंक, जाहिराती चालू असलेला यूट्यूब चॅनल यांना चालतं असं धरू नका, स्वतंत्र परवाना घ्या. दिवाळी अंक 'तोट्यातच असतो' हा युक्तिवाद कायद्यात बसत नाही!

मजकुराचे नियम वेगळे आहेत. शीर्षक, बनवणारा, स्थळ, तारीख, तपशील ही माहिती पूर्ण मुक्त. वर्णनाचा परिच्छेद श्रेय देऊन वापरता येतो, व्यापारी कामालाही. म्हणजे यादी करायची असेल तर बिनधास्त करा, अडचण फक्त चित्रांची.

ब्रॅडफर्डच्या डेली हेरल्ड संग्रहाला यातलं काहीच सरसकट लागू नाही. वर्तमानपत्राचे ३० लाखांच्या आसपास फोटो आहेत, पण सगळे त्याच्या छायाचित्रकारांचे नाहीत. अनेक वृत्तसंस्थांकडून घेतलेले आहेत आणि हक्क त्यांच्याकडे. म्हणून फोटो बघायला मागताना *मागची बाजूही* मागा. पाठीवर संस्थेचा शिक्का, चिकटवलेली ओळ, छापल्याची तारीख असते. समोर पेन्सिलीने किंवा रंगाने कातरण्याच्या खुणा असतात, त्यावरून संपादकाने कोणाला चौकटीबाहेर काढलं तेही कळतं. गोलमेज परिषदेच्या काळावर काम करणाऱ्यांनी ही खाण नक्की तपासावी.

टिंबटिंब

ज्यांना यादी यंत्राने ओढायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. संकेतस्थळाचा एपीआय (प्रोग्रॅमने माहिती मागवायची सोय) खुला आहे, नोंदणीची किल्ली लागत नाही. नेहमीच्याच शोधाच्या पत्त्याला विनंती पाठवायची, फक्त 'ॲक्सेप्ट' हेडरमध्ये जेसन (JSON, यंत्राला वाचता येणारं रूप) मागायचं. हेडर विसरलात तर वेबपान येतं आणि प्रोग्रॅम पहिल्याच ओळीवर कोसळतो. एका पानावर जास्तीत जास्त १०० नोंदी, पानांची मोजणी शून्यापासून. एकपासून सुरू केली तर पहिलाच गठ्ठा गायब होतो आणि ते लक्षातही येत नाही, म्हणून एकूण आकडा ताडून बघा. दोन विनंत्यांमध्ये थोडी उसंत ठेवा.

नुसतं भटकायचं असेल तर त्यांचं 'नेव्हर बीन सीन' पान उघडा. ऑनलाइन आजवर कोणीच न पाहिलेली वस्तू समोर येते. बहुतेकदा एखादा बोल्ट किंवा काचेची नळी निघते, पण सवय वाईट लागते.

खडूफळा

शाळेसाठी उपयोगी काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यांच्या शिक्षण विभागात प्रयोगांच्या पुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. इंग्रजीत आहेत, पण सामान साधं. आपल्या वर्गात हमखास चालणारे दोन:

कानातली घंटा. स्टीलचा झारा किंवा उलथनं घ्या. साधारण ६०-६० सेंटीमीटरचे दोन दोरे टोकांना बांधा. दोऱ्याची मोकळी टोकं दोन्ही तर्जन्यांना दोन-तीन वेढे देऊन त्याच बोटांनी कान बंद करा. पुढे वाकून झारा हवेत लोंबकळू द्या, दुसऱ्याने त्यावर चमच्याने हलकं टिचकावं. देवळातल्या घंटेसारखा घुमारा येतो आणि बाजूच्या मुलाला मात्र 'टिक्' एवढंच ऐकू येतं. फसतं कुठे? झारा गणवेशाला टेकतो, दोरा ढिला राहतो, किंवा मूल ताठ उभं राहतं आणि दोरा पोटाला लागतो. लाकडी मुठीचं उलथनं नको, मूठ कंप खाऊन टाकते. लोकरीपेक्षा सुती धागा किंवा पतंगाचा साधा दोरा बरा. मांजा अजिबात नको.

कागदी उंदराचं रॉकेट. कागदाचा शंकू बाटलीच्या तोंडावर टोपीसारखा ठेवायचा आणि बाटली दोन्ही तळव्यांनी फाडकन दाबायची. त्यांच्याकडे दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन वापरतात, आपल्याकडे दूध पिशवीत. पाण्याची एक-दोन लिटरची बाटली चालते, मात्र पातळ बाटली चार-पाच वेळांनी चेपून बसते, म्हणून प्रत्येक गटाला दोन द्या. शंकू घट्ट बसला तर अडकतो, फारच सैल असला तर हवा बाजूने निसटते. बोटाने हलकेच ढकलल्यावर फिरेल इतका सैल हवा. कान, शेपटी कितीही लावू द्या, पण एकदा टोकाला जड आणि एकदा शेपटीला जड करून उडवायला सांगा. वजनाचा तोल मुलांना तिथे समजतो. आणि बाटलीचं तोंड कोणाच्या चेहऱ्याकडे नको.

ओसरी

खडूफळाताई, झारा आत्ताच करून पाहिला, शेजारी विचारायला आले :) आपल्याकडे असा समूह आहे का?

खडूफळा

राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद. १९७८ची, मुख्यालय कोलकात्यात, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र, पणजीला मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र ही सगळी तिचीच. पण तुलना जपून करावी. त्यांचा भर हात लावून करायच्या प्रयोगांवर आणि फिरत्या विज्ञान प्रदर्शनांवर आहे, जुन्या वस्तू जमवण्यावर नाही. मुलांना न्यायला ती सरस, अभ्यासाला लंडन-यॉर्कची यादी.

ईशान्य

अभ्यासाला प्रत्यक्ष जायचं तर पद्धत काय? नुसतं जाऊन उभं राहिलं तर दाखवतात?

काळाकोट

नाही. दालनांना प्रवेश फुकट आहे (आयमॅक्स, वंडरलॅब, खास प्रदर्शनं यांना तिकीट), पण कोठारातली वस्तू किंवा दप्तर बघायला आधी वेळ घ्यावी लागते. महिनाभर आधी लिहा. पत्रात नोंद क्रमांक, काय तपासायचं, माप घ्यायचं की फोटो, किती वेळ लागेल, हे सगळं हवं. लंडनचं ग्रंथालय साउथ केन्सिंग्टनला, रेल्वेचं यॉर्कला, बायर पीकॉक मँचेस्टरला. एकाच पत्रात तिन्ही ठिकाणचं मागितलं तर पत्र टेबलाटेबलांवर फिरत राहतं.

वाचनालयात पेन्सिलच न्या. फोटोला फ्लॅश नाही. मोठी पिशवी बाहेर.

वस्तू दाखवायला नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या आणि मापकांच्या तबकड्यांवर रेडियम असतं, बॉयलरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस, भुसा भरलेल्या प्राण्यांत आर्सेनिक, जुन्या फिल्ममध्ये पेट घेणारं सेल्युलोज नायट्रेट. अशा वेळी फोटो किंवा जुनी नोंदवही मागा, बहुतेक कामं तेवढ्यावर होतात.

लंडनच्या ब्लाइथ हाउस या जुन्या कोठारातला माल आता रॉटनच्या हॉकिंग बिल्डिंगमध्ये गेलाय, तीन लाखांहून जास्त वस्तू. २०२४ पासून तिथे आधी नोंदवून मार्गदर्शकाबरोबर फेरी करता येते. वेलकमचा क्रमांक हातात असेल तर रॉटनलाच विचारा.

ओसरी

सोबत सत्तरीचे आईवडील असतील आणि एकच दिवस असेल तर?

लोहमार्गी

यॉर्क. लंडनहून रेल्वेने दोन तासांच्या आसपास, आणि संग्रहालय स्टेशनला लागूनच. मॅलार्ड तिथलंच: ३ जुलै १९३८ला ताशी १२६ मैल, वाफेच्या इंजिनाचा विक्रम. जपानची पहिल्या पिढीची शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) ही आहे, डब्यात बसता येतं, पायांना विश्रांती.

अंगात ताकद असेल तर डार्लिंग्टनला गाडी बदलून शिल्डन गाठता येतं, संग्रहालय तिथेही स्टेशनजवळच. पण शाखेची गाडी साधारण तासाला एक, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. उघडण्याचे वार सगळीकडे सारखे नाहीत आणि यॉर्कला बांधकामं चालू असतात, तेव्हा आदल्या दिवशी संकेतस्थळावर कुठला हॉल बंद आहे ते तपासा. व्हीलचेअर हवी असेल तर तेव्हाच विचारून ठेवा.